चाकणजवळच्या इंद्रायणीतला नकटा मासा

कांद्याच्या रोपांबद्दल चार जणांनी विचारलंय, ते पुढच्या वेळी नक्की. आज माशावर लिहितोय. शेतीच्या पानावर मासा कशाला, असं वाटेल कुणाला, पण ज्या नदीवर आपल्या मोटारी बसवल्यात त्याच नदीतला हा मासा आहे. आणि त्याची पहिली शास्त्रीय नोंद जगात जिथं झाली ती जागा दिघीपासून दुचाकीवर अर्ध्या तासात येते. हे आपल्या भागात कुणाला फारसं ठाऊक नाही, म्हणून हा लेख.

माशाचं शास्त्रीय नाव शिस्मॅटोऱ्हिंकस नुक्ता. पहिला शब्द ग्रीक, अर्थ फाटलेल्या नाकाडाचा. दुसरा शब्द मात्र आपला आहे. नुक्ता म्हणजे, माझ्या मते, आपला साधा नकटा. मासा बघितला की पटतं. वरच्या ओठाच्या वर, नाकाडावर आडवी खोल खाच असते, तिच्यामुळं थोबाडाचे दोन भाग झाल्यासारखे दिसतात. कुणीतरी बोट दाबून चेपल्यासारखं. दोन्ही भागांवर बारीक कडक पुटकुळ्या. वीतभर ते फूटभर वाढतो, त्याच्यापुढं नाही. आपल्या माणसांनी त्याला एका शब्दात नाव दिलं, आणि एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं ते जसंच्या तसं उचलून लंडनला नेलं.

हा अधिकारी म्हणजे कर्नल विल्यम हेन्री साईक्स. जन्म 1790, मृत्यू 1872. पेशवाई 1818 ला गेली, पुणं कंपनीकडं आलं. नवीन मुलूख हाती आला की सरकारला पहिली चिंता साऱ्याची. जमीन किती, कोणाच्या नावावर, काय पिकतं, पाऊस किती. ह्या कामासाठी मुंबई सरकारनं 1824 साली साईक्सला स्टॅटिस्टिकल रिपोर्टर नेमलं. पुणे, अहमदनगर, खानदेश, धारवाड असे चार जिल्हे त्याच्याकडं. 1831 पर्यंत हा माणूस तंबू घेऊन गावोगाव फिरला. वतनं, इनामं, नांगर-बैल, पिकं, बाजारभाव, हवेचा दाब, सगळं लिहून काढलं. कृषी खात्यातल्या मंडळींनी त्याचा 1838 चा दख्खनचा अहवाल कधी हाताशी आला तर जरूर चाळावा. आपल्या तालुक्यांची दोनशे वर्षांपूर्वीची शेती त्यात सापडते.

सारा मोजायला आलेल्या माणसानं पक्षी आणि मासेही मोजले, हे त्याचं वेगळेपण. मासे कुठून मिळाले? भोयांच्या जाळ्यातून आणि गावच्या बाजारातून, दुसरीकडून कुठून मिळणार. मासा समोर ठेवून त्याचं मापात चित्र काढून घ्यायचं, पर किती, परातले काटे किती, खवल्यांची ओळ कशी हे लिहायचं, आणि धरणाऱ्याला नाव विचारायचं. हा विचारण्याचा भाग मला फार मोलाचा वाटतो. त्या काळी बरेच साहेब नवीन जातीला आपल्या मित्राचं नाहीतर वरिष्ठाचं नाव देऊन मोकळे व्हायचे. साईक्सनंही काही जातींना तशी नावं दिली. पण निम्म्याहून अधिक ठिकाणी त्यानं मराठी नाव ठेवलं. म्हणून आज जगभरच्या मासेशास्त्राच्या यादीत मुल्या, सींगटी, मुरे, कोलुस, ताकरी, खुदरी असले शब्द लॅटिन व्याकरणाच्या शेजारी बसलेत. शिंगटी तर आजही आपण तिलाच म्हणतो. टोकियोतला नाहीतर साओ पाउलोतला अभ्यासक जेव्हा गारा मुल्या म्हणतो, तेव्हा तो दख्खनच्या नदीकाठच्या कुण्या भोयाचा शब्द उच्चारत असतो. त्या भोयाचं नाव मात्र कागदावर कुठंच आलं नाही.

लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढं साईक्सनं दख्खनच्या माशांचा निबंध वाचला, 1839 साली त्याचा गोषवारा छापून आला आणि 1841 साली चित्रांसह सविस्तर. चाळीसहून अधिक जाती, त्यातल्या बहुतेक शास्त्राला नवीन. अनेकींपुढं ठिकाण दिलंय. कुठं पुण्याची मुळा-मुठा, कुठं भीमा. नुक्ताच्या पुढं लिहिलंय, चाकणजवळची इंद्रायणी.

आता चाकण काही इंद्रायणीच्या काठावर नाही, हे आपल्याला माहीत आहे. चाकणजवळची इंद्रायणी म्हणजे पुणे-नाशिक वाट जिथं नदी ओलांडते तो पट्टा. अलीकडं मोशी, पलीकडं चिंबळी-कुरुळी, थोडं खाली डुडुळगाव, आळंदी, चऱ्होली. म्हणजे आपलाच शेजार. नेमका डोह कोणता, हे कागदावरून काढता येत नाही, पण एवढ्या पट्ट्याच्या बाहेर तो नसावा.

एवढं ठिकाणाचं कौतुक कशासाठी? ज्यांनी जमिनीची मोजणी करून घेतलीय त्यांना लगेच कळेल. हद्दीचा दगड जागेवर असेल तर वाद मिटतो. शास्त्रात जातीची हद्द ठरवणारा दगड म्हणजे तिचा मूळ नमुना, ज्याच्यावरून पहिलं वर्णन झालं तो. तो संग्रहालयात बाटलीत जपून ठेवतात. साईक्सच्या बऱ्याच जातींचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत. चित्रं उरली, वर्णन उरलं. अशा वेळी नवीन दगड रोवायची पाळी आली, तर तो जमेल तितका मूळ जागेजवळूनच घ्यावा असा प्राणिशास्त्राच्या नामकरणाचा नियम आहे. नकट्याच्या बाबतीत ती जागा म्हणजे इंद्रायणीचा हा पट्टा. तिथल्या पाण्यात मासाच नसेल तर दगड आणायचा कुठून?

आता मासा जगतो कसा ते बघू. आपल्या नद्या काळ्या पाषाणावरून वाहतात. त्यामुळं पात्राचा एक ठराविक घाट असतो. खडकाळ उथळ धार, मग डोह, पुन्हा धार, पुन्हा डोह. धारेत पाणी खडकांवर आपटतं, हवा मिसळते, ऑक्सिजन भरपूर. ऊन तळापर्यंत जातं, म्हणून दगडावर शेवाळाचा पातळ, निसरडा थर चढतो. हा थर म्हणजे नकट्याचं आणि त्याच्या भाऊबंदांचं रान. तोंड खालच्या बाजूला, ओठ राठ, कडा धारदार. दगडावर तोंड टेकून शेवाळ खरवडायचं, पुढं सरकायचं. गवत खाणाऱ्या जनावराचं आतडं जसं लांब, तसं ह्या कुळातल्या माशांचं आतडंही अंगापेक्षा कितीतरी लांब, वेटोळं घातलेलं. रवंथ सोडला तर पाण्यातली शेळीच म्हणा.

चरल्याच्या खुणा दिसतात बरं का. हिवाळ्यात पाणी नितळ असलं आणि शेवाळलेल्या खडकावर उजळ चट्टे, खरवडल्याच्या बारीक रेघा दिसल्या, तर समजावं इथं ह्या जातकुळीतलं कुणीतरी चरून गेलंय. लोणावळ्याच्या बाजूला, मावळात वरच्या अंगाला अशा खुणा अजून बघायला मिळतात. तिथं बहुतेक वेळा तो मुल्या असतो, नकटा नव्हे. मुल्या बोटभर, फार तर वीतभर. त्याच्या खालच्या ओठामागं मांसाची गोल चकती असते, तिनं तो दगडाला चिकटून राहतो. पुराच्या धारेतही हलत नाही. आणखी एक चिमुकला मासा आहे, त्याच्या छातीवर चुण्या असतात, त्या चुण्यांनी तो खडक धरतो. त्याला शास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1938 साली ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस असं नाव दिलं. पुण्याच्या नावाचा मासा, आणि पुण्यातल्या किती जणांनी बघितलाय विचारा. चकती, चुण्या, खाच, ही सगळी हत्यारं वाहत्या पाण्यासाठी घडलेली आहेत. साचलेल्या पाण्यात त्यांचा काडीचा उपयोग नाही.

ह्याच होरा साहेबांना नकट्यानं कोड्यात टाकलं होतं. फाटलेल्या नाकाडाचे ह्याच्यासारखे दुसरे मासे कुठं? तर थेट सुमात्रा-बोर्निओत. डच डॉक्टर ब्लीकर यांनी 1855 मध्ये तिकडच्याच माशावरून हा गण पाडला होता. मधे हजारो किलोमीटर, आणि त्यात समुद्र. गोड्या पाण्यातला मासा पोहून काही आला नसणार. होरांनी 1942 मध्ये आपल्या माशासाठी गणाच्या आत नुक्ता नावाचा वेगळा उपगण केला, आणि त्याच दशकात सातपुडा सिद्धांत मांडला. त्यांचं म्हणणं असं, की एके काळी विंध्य-सातपुड्याची रांग पूर्वेकडच्या डोंगरांशी सलग आणि जास्त ओली होती, आणि मलायाकडचे खळाळत्या पाण्यातले मासे त्या वाटेनं ओढ्या-ओढ्यांतून सह्याद्रीत उतरले. पुढच्या अभ्यासकांनी त्यावर बऱ्याच शंका काढल्या. लांबलांबच्या जाती सारख्याच कामासाठी सारखी हत्यारं बनवू शकतात, हाही मुद्दा आला. मला स्वतःला सिद्धांत टिकला की पडला ह्यापेक्षा हे मोठं वाटतं, की दक्षिण आशियाच्या भूगोलावरच्या एवढ्या वादाला आपल्या मोशी-चिंबळीचा मासा साक्षीदार म्हणून उभा होता.

नकटा फक्त कृष्णेच्या खोऱ्यातला. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, भीमा पुढं कृष्णेला, तेव्हा आपणही त्याच खोऱ्यात. ह्या खोऱ्याबाहेर तो नैसर्गिकरीत्या कुठं नाही. आंतरराष्ट्रीय लाल यादीत 2011 पासून तो संकटग्रस्त गटात आहे. जुनी जाणती माणसं अजून भेटतात. नदीवर जन्म गेलेल्या आमच्याकडच्या एका भोईबाबांना मी मोबाईलवर चित्र दाखवलं. मरळ, वाम, शिंगटी, खरपी ही नावं त्यांच्या तोंडावर होती. ह्याच्यावर बराच वेळ बोट फिरवलं आणि म्हणाले, "ह्यो खडकाचा हाय. खडकच ऱ्हायला न्हाई, त्यो कुठनं ऱ्हाईल."

ह्या एका वाक्यात सगळं कारण आलंय, पण जरा उलगडून सांगतो. नदीचं सगळं बिघडणं अलीकडचं नाही. इंद्रायणीच्या माथ्यावर लोणावळ्याला टाटांची धरणं झाली, 1915 ला खोपोलीचं वीजघर सुरू झालं, आणि वरचं बरंच पाणी घाटाखाली कोकणात जायला लागलं. तरी 1940 च्या दशकात फ्रेझर, सूटर ह्या मंडळींनी पुण्याच्या माशांच्या याद्या केल्या तेव्हा नद्या भरलेल्या होत्या. 1963 ला टोणपी आणि मुल्हेरकर यांनी पुन्हा यादी केली. मग 2003 च्या सुमाराला पुण्यातल्या अभ्यासकांनी जुन्या याद्या हातात घेऊन त्याच नद्या धुंडाळल्या, आणि जुन्या नोंदींतल्या कित्येक जाती त्यांना सापडल्याच नाहीत. इंद्रायणीवरचा स्वतंत्र निबंध 2012 ला आला, त्यात पन्नासहून अधिक जाती आहेत. म्हणजे नदी मेली म्हणून हात झटकायचं कारण नाही. पण त्या जाती सगळ्या नदीभर सारख्या नाहीत. वरचं मावळ वेगळं, आणि आपल्याकडचं पात्र वेगळं.

मधल्या काळात काय झालं ते तुम्ही बघितलंय. 1962 ला एमआयडीसी स्थापन झाली, पिंपरी-चिंचवड वाढलं, 1982 ला महापालिका झाली. 1997 ला दिघी, चऱ्होली, मोशी, डुडुळगाव ही गावंही तिच्यात गेली. मग चाकण. सातबारा जाऊन प्रॉपर्टी कार्ड आलं. कारखान्यांचं पाणी आहेच, त्याबद्दल बोलतात सगळे. पण आळंदीला घाटावर जो पांढरा फेस दिसतो त्यात कपडे-भांडी धुण्याच्या साबणाचा वाटाही असतो. साबणातलं फेसाळणारं द्रव्य नीट प्रक्रिया न होता नदीत आलं की बंधाऱ्यावरून पडताना घुसळतं आणि फेस धरतं. वारीच्या तोंडावर त्याचे फोटो येतात, पालखी दिघीवरून पुण्याकडं गेली की विषय संपतो.

माशाला फेसानं तेवढं मारत नाही जेवढं गुदमरणं मारतं. पंचवीस अंश तापमानाला स्वच्छ पाण्यात लिटरमागं साधारण 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. पाणी तापलं की त्याहून कमी. मैला, सांडपाणी पाण्यात आलं की ते कुजवणारे जिवाणू हा ऑक्सिजन वापरतात. मासे जगावेत म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत किमान 4 मिलिग्रॅम धरलेत. मरळ, मांगूर हे वर येऊन हवेतला श्वास घेतात, त्यांचं भागतं. खळाळत्या धारेवर वाढलेल्या नकट्याचं 4 वर कसं भागावं? त्यात जलपर्णी. ती पाण्यावर पसरली की ऊन तळाला जात नाही, दगडावरचं शेवाळ वाढत नाही, म्हणजे चाराच बंद. वर गाळ बसतो. गाळानं माखलेला खडक नकट्याला आपल्याला डांबरी रस्ता जेवढा पिकाच्या उपयोगाचा तेवढाच.

वाळूचं तर काय सांगायचं. वाळू आणि गोटे उपसले की धार आणि डोह हा घाटच मोडतो, नदी सपाट चरासारखी होते. बहुतेक मासे पहिल्या पुरात वर चढतात, उथळ स्वच्छ जागी अंडी टाकतात. चढणीचे मासे आपण सगळ्यांनी धरलेत लहानपणी. त्यांच्या वाटेत बंधारे आले. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या फळ्या पावसाळ्याआधी वेळेवर निघाल्या तर काही अंशी वाट मोकळी होते. राहिल्या तर मासा तिथंच आपटतो. खाली भीमेवर उजनी आहे, तिच्या साचलेल्या पाण्यात चिलापीचं राज्य. मूळची आफ्रिकेतली चिलापी 1952 ला भारतात आणली गेली. अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, कशातही जगते, काहीही खाते. तिला खडकाची गरज नाही.

आणि आपण? आपल्या बाजूचंही लिहितो, नाहीतर लेख एकांगी होईल. काठापर्यंत नांगरट, बांधावरचं गवत तणनाशकानं साफ, पहिल्या वळवाला मातीसकट खत नदीत. फवारणी झाली की पंप ओढ्यात खळबळून धुवायचा, ही तर रोजची गोष्ट. सायपरमेथ्रीनसारखी पायरेथ्रॉइड औषधं माशांना अतिशय विषारी असतात, लिटरमागं मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात मोजायच्या मात्रेला मासा जातो. बाटलीच्या लेबलावर बारीक अक्षरात छापलेलं असतं. उन्हाळ्यात डोहात ब्लीचिंग टाकून मासे वर आणणारी पोरं आपल्याच गावातली असतात. मी पंप शेतातच, पड जागेत खड्डा काढून धुतो, आणि ओढ्याकडच्या बाजूला दोन मीटर गवत मुद्दाम ठेवलंय. त्यानं नकटा परत येईल असं माझं म्हणणं नाही. वळवात माती थांबते एवढं मात्र डोळ्यांनी बघितलंय, आणि ते गवत जनावरांना होतं.

देहू-आळंदीच्या देवाच्या डोहात मासे न धरण्याची जुनी रीत आहे. त्या डोहांनी म्हशीर टिकवला. लोणावळ्याला वळवणच्या तळ्यावर टाटांच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून म्हशीरची अंडी उबवून बोटुकली सोडली गेली. मोठा मासा, देवाचा मासा, त्याच्यामागं श्रद्धाही आणि पैसाही उभा राहिला. नकट्याला देऊळ नाही आणि गळवाल्या शौकिनांचं कौतुकही नाही. त्याच्याकडं आहे ते फक्त नाव, आणि त्या नावापुढं दोनशे वर्षांपूर्वी लिहिलेला आपला पत्ता.

दिवाळीनंतर पाणी उतरलं की मोशीच्या पुलापासून तुळापूरपर्यंत जिथं जिथं उघडा खडक शिल्लक आहे त्या जागांची मी यादी करणार आहे. कोणत्या गावाच्या शिवारात, किती लांब, वर गाळ की शेवाळ, चरल्याच्या रेघा आहेत का. चिंबळी, मरकळ, गोलेगाव, सोळू, धानोरे ह्या बाजूच्या मंडळींनी आपल्या काठाचं सांगितलं तर काम लवकर होईल. घरात कुणी ऐंशीच्या पुढचं असेल तर त्यांना चित्र दाखवा आणि ह्या माशाला काय म्हणायचे ते विचारा. नाव जसं उच्चारतील तसंच लिहून घ्या, सुधारू नका.